पालेभाजीची मिठातली बेगमी : नाशिकच्या थंडीत करायची, उन्हापावसात खायची

कोथिंबीर, मेथी, शेपू, कांद्याची पात, मुळ्याचा पाला. नाशिकमध्ये ही सगळी भाजी सर्वांत कोवळी आणि सर्वांत स्वस्त मिळते ती डिसेंबर-जानेवारीत. गिरणारे, मातोरी, मुंगसरा, मखमलाबाद या पट्ट्यातून पहाटे गाड्या भरून येतात आणि आवक वाढली की जुडीचा भाव इतका पडतो की शेतकऱ्याचा काढणीचा खर्चही निघत नाही. मग एप्रिल उजाडतो, उन्हानं पाला राठ होतो, जुडी बारीक होते. पावसाळ्यात तर कोथिंबीर शेतातच सडते आणि बाजारात चार काड्यांना मोजून पैसे द्यावे लागतात. दरवर्षी हेच घडतं. तरी आपल्या साठवणीच्या यादीत पापड, कुरडया, सांडगे, लोणची असतात आणि पालेभाजी नसते.

बर्फ पडणाऱ्या देशांत पाला मिठात घालून ठेवायची पद्धत जुनी आहे. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये पात, पार्सली असा बारीक चिरलेला पाला मिठात भरून ठेवतात आणि वर्षभर सूपमध्ये घालतात. रशियात शेपू असाच मिठात ठेवतात. चीनमध्ये मोहरीची पानं मिठात आंबवतात. त्यांची बेगमी हिवाळ्यासाठी, कारण तेव्हा त्यांच्याकडे हिरवं काही उगवत नाही. आपला टंचाईचा काळ उन्हाळा आणि पावसाळा, त्यामुळे आपण हे काम हिवाळ्यात करायचं. यात आपला एक मोठा फायदा आहे. पाला आंबवायला वीस अंशांच्या आसपासची हवा लागते आणि नाशिकच्या घरात या दोन महिन्यांत ती आपोआप मिळते. तीच बरणी मे महिन्यात भरली तर तीन दिवसांत बिघडेल.

कोणत्याही बरणीला हात लावण्याआधी एक गोष्ट पक्की करा : मीठ वजनानं घ्यायचं. वाटी, मूठ, चमचा यांवर जायचं नाही. खडेमिठाची एक वाटी आणि बारीक मिठाची एक वाटी यांच्या वजनात बराच फरक पडतो, कारण खड्यांमध्ये पोकळी राहते. कोथिंबिरीची तर दाबून भरलेली वाटी आणि सैल भरलेली वाटी यांत दुपटीचा फरक येऊ शकतो. स्वयंपाकात अंदाज चालतो, तिथे चव घेऊन सुधारता येतं. इथे मीठ चवीसाठी नाही, राखण करायला आहे. ग्रॅम दाखवणारा साधा डिजिटल काटा पुरेसा आहे.

दोन वेगळ्या वाटा

मिठात पाला टिकतो तो दोन कारणांनी. दोन्ही वाटा एकमेकींपासून नीट वेगळ्या ठेवायच्या.

पहिली वाट भरपूर मिठाची. पाल्याच्या वजनाच्या पाचव्या भागाइतकं मीठ, म्हणजे एक किलो पाल्याला २०० ग्रॅम. पाल्यात ८५ ते ९० टक्के पाणी असतं. मीठ ते पाणी बाहेर ओढतं, त्यातच विरघळतं आणि असा दाट खार तयार होतो की सडवणारे जिवाणू त्यात वाढू शकत नाहीत. पाला आंबत नाही, त्याचा वास आणि बराचसा हिरवा रंग तसाच राहतो. हा पाला भाजी म्हणून खायचा नसतो. पदार्थात मिठाच्या जागी घालायचा असतो. कोथिंबीर, शेपू, कांद्याची पात, पुदिना, कढीपत्ता यांना ही वाट योग्य.

दुसरी वाट कमी मिठाची. एक किलो पाल्याला फक्त २५ ग्रॅम मीठ, म्हणजे अडीच टक्के. इतक्या मिठानं पाला टिकत नाही. मिठाचं काम इथे एवढंच की सडवणारे जिवाणू मागे राहावेत आणि पाल्यावर मुळातच असलेले आंबट करणारे जिवाणू पुढे यावेत. ते पाल्यातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात आणि पाला टिकतो तो त्या आंबटपणामुळे. हा पाला थेट भाजी म्हणून परतून खाता येतो. मुळ्याचा पाला, मोहरीची पानं, कोबीची बाहेरची हिरवी पानं, नवलकोलाचा पाला असे जाडसर, तिखटसर पाले यासाठी उत्तम.

या दोहोंच्या मध्ये, म्हणजे सात-आठ ते पंधरा टक्के मीठ घालून ठेवू नका. तेवढ्या मिठात आंबणं रेंगाळतं आणि राखणही पुरी होत नाही. भाजी म्हणून खायला तो पाला खारट, मिठाच्या जागी वापरायला कच्चा. “थोडं जास्त घालू, म्हणजे टिकेल” हा विचार लोणच्यात भागून जातो, कारण तिथे लिंबाचा किंवा कैरीचा आंबटपणा सोबत असतो. पाल्याजवळ स्वतःचा आंबटपणा नसतो.

कोणता पाला घ्यायचा, कोणता नाही

कोथिंबीर या कामासाठी सर्वांत गुणी. वाळवली तर तिचा वास उडतो, गोठवली तर ती काळी-लिबलिबीत होते, मिठात मात्र वास पकडून ठेवते. त्याखालोखाल शेपू. ज्यांना शेपूचा उग्रपणा सोसत नाही त्यांना मिठातला शेपू पुष्कळदा आवडतो, कारण तो पदार्थात चिमटीचिमटीनंच जातो.

मेथीचं मात्र थोडं वेगळं आहे. भरपूर मिठात तिचा कडूपणा आणि खारटपणा एकमेकांवर चढतात. मेथी सावलीत वाळवून ठेवलेली बरी. हरभऱ्याचा कोवळा पालाही वाळवूनच ठेवावा. त्याची सुकी भाजी आपल्याकडे पूर्वीपासून करतात आणि त्या चवीला मिठातली चव पोचणार नाही.

पालक आणि तांदळी, माठ यांच्या फंदात पडू नका. पानं इतकी नाजूक आणि पाणीदार की मिठात त्यांचा गाळ होतो. अळू तर अजिबात नको. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांच्यामुळेच घसा खवखवतो, आणि मीठ लावून ते जात नाहीत. अळू चिंच घालून नीट शिजवूनच खावा.

जुडी घेताना पाण्यानं भिजवून जड केलेली घेऊ नका. बुधवारच्या बाजारात गंगाघाटावर किंवा भद्रकालीत सकाळी लवकर गेलात तर दव उडालेला, कोरडा, ताठ पाला मिळतो. पिवळं पान, पांढरे ठिपके, फुलावर आलेली काडी असेल तर ती जुडी आजच्या भाजीला वापरा, बरणीला नको. परसात किंवा गच्चीवर कुंड्यांमध्ये पाला असेल तर उत्तम. आदल्या दिवशी संध्याकाळी पाणी देऊन दुसऱ्या दिवशी ऊन चढण्याआधी खुडा.

भांडी

काचेची रुंद तोंडाची बरणी सर्वांत सोयीची, आत काय चाललंय ते दिसतं. चिनी मातीची बरणी चालते, पण आतल्या चकाकीला तडे नसावेत. नाशिकच्या भांडी बाजारातली तांब्या-पितळेची भांडी आपल्या घरांची शोभा आहेत, पण या कामात ती आणि ॲल्युमिनियम दोन्ही वर्ज्य. मीठ आणि आम्ल या धातूंना खातात आणि तो अंश पाल्यात उतरतो. स्टीलची परात कालवायला चालेल, साठवायला नको. बरणीचं झाकण पत्र्याचं असेल तर महिन्याभरात गंजतं. प्लॅस्टिकचं झाकण शोधा, नाहीतर मध्ये बटर पेपरचा दुहेरी तुकडा घाला. बरणी गरम पाण्यानं धुऊन उन्हात खडखडीत वाळवा.

मीठ साधं आयोडीनयुक्त चालतं. आयोडीनमुळे आंबण्याची क्रिया थांबत नाही. बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेल्या पदार्थांमुळे खार जरा गढूळ दिसतो, एवढंच. स्वच्छ खडेमीठ मिळालं तर जाडसर कुटून घ्या. सैंधवही चालतं. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ वापरू नका. त्यात पोटॅशियमचं मीठ मिसळलेलं असतं, त्यानं पाला कडवट होतो आणि आपलं वजनाचं गणितही कोलमडतं.

पहिली वाट : कोथिंबिरीची खारी बरणी

दोन-तीन मोठ्या जुड्या घ्या. मुळं कापा, पिवळी पानं काढा. कोवळे देठ टाकू नका, वासाचा मोठा भाग त्यांतच असतो. फक्त बुडाचे जाड, पोकळ देठ बाजूला काढून त्या दिवशीच्या आमटीत टाका.

मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाला त्यात बुडवा, हलवा आणि वरच्यावर उचलून काढा. पातेलं उपडं करून गाळणीत ओतलं तर तळाशी बसलेली माती पुन्हा पाल्यावर पडते. तळाला कण दिसेनासे होईपर्यंत पाणी बदला. काळ्या जमिनीतली कोथिंबीर तीन पाणी तरी मागते.

आता कंटाळा न करता करायचं काम : वाळवणं. सुती पंचावर किंवा जुन्या धोतरावर पाला विरळ पसरा आणि पंख्याखाली ठेवा. उन्हात नको, वास उडेल. मध्ये एकदा उलथा. पान हाताला कोरडं लागलं पाहिजे, पण कोमेजून चुरचुरीत होता कामा नये. पानावर पाणी राहिलं तर ते पाल्याच्या वजनात मोजलं जातं, खार पातळ करतं आणि बरणी बिघडण्याचं पहिलं कारण ठरतं. थंडीतल्या कोरड्या हवेत दोन-तीन तास पुरतात. रात्री पसरून सकाळी उचललं तरी चालेल.

मग धारदार सुरीनं किंवा विळीवर बारीक चिरा. मिक्सरमध्ये फिरवू नका, पेशी ठेचल्या जाऊन पाला काळपट होतो. चिरलेल्या पाल्याचं वजन करा. समजा ५०० ग्रॅम भरला, तर मीठ १०० ग्रॅम. त्यातलं दोन चमचे मीठ वरच्या थरासाठी बाजूला ठेवा, बाकीचं परातीत पाल्यावर भुरभुरवून हलक्या हातानं कालवा. दहा-पंधरा मिनिटांत पाला ओलसर आणि गडद दिसू लागेल.

बरणीत थोडाथोडा भरा आणि प्रत्येक थर लाटण्याच्या टोकानं किंवा लाकडी दांड्यानं दाबत जा, आत हवेचा पोकळ कप्पा राहू नये. हवा राहिली तिथेच पाला तपकिरी पडतो. वरून राखलेलं मीठ पसरा, झाकण लावा आणि बरणी थेट फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी पाला चांगलाच खाली बसलेला दिसेल. त्या जागेत आणखी पाला भरायचा असेल तर तोही याच हिशेबानं मीठ लावून भरा. नुसता पाला वर टाकून “खालचं मीठ पुरेल” असं समजू नका.

फ्रीजमध्ये ही बरणी सहा महिने सहज राहते, म्हणजे जानेवारीची कोथिंबीर जुलैच्या पावसात मिळते. काढताना कोरडा चमचा, आणि काढून झाल्यावर उरलेला पाला पुन्हा दाबून सपाट करायचा. कांद्याची पात, शेपू, पुदिना यांची रीत अगदी हीच. कढीपत्ता मात्र चिरू नका, अख्खी पानं मिठाच्या थरांत रचा. कोथिंबीर आणि पात निम्मी-निम्मी एकत्र भरलेली बरणी पिठल्यासाठी करून ठेवाच.

वापरताना हिशेब सोपा आहे. ५०० ग्रॅम पाला आणि १०० ग्रॅम मीठ, म्हणजे सहा ग्रॅम मिश्रणात एक ग्रॅम मीठ. वरणाला एरवी सहा ग्रॅम मीठ लागत असेल तर ३० ग्रॅम खारी कोथिंबीर घाला आणि वेगळं मीठ एका ग्रॅमवर आणा. सवय होईपर्यंत पदार्थात आधी मीठ घालूच नका. शेवटी खारा पाला घाला, एक उकळी द्या, चव घ्या आणि मग ठरवा. वरण, कढी, पिठलं, मिसळीचा रस्सा, थालीपिठाचं पीठ, ताकातली काकडी, सगळीकडे चालतो. कोथिंबीर वडीसाठी मात्र पाला जास्त लागतो, तेव्हा तो दहा मिनिटं साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळून घ्या.

हे मीठच आहे, हे विसरू नका. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. घरात रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेलं कुणी असेल तर त्यांच्या ताटात मीठ कुठून येतंय त्याकडे लक्ष ठेवा.

दुसरी वाट : मुळ्याचा पाला आंबवणं

मुळे घेताना बहुतेकजण भाजीवाल्याला पाला तिथेच तोडून टाकायला सांगतात. तो मागून घ्या, फुकट मिळतो. मोहरीची पानं मिळाली तर निम्मी त्यात मिसळा.

पाला धुऊन निथळून सावलीत एक दिवस पसरून ठेवा. इथे तो मलूल व्हायलाच हवा. ताठ पान बरणीत नीट दबत नाही आणि त्याला पाणीही जास्त सुटतं. मग जाड देठ उभे चिरून सगळा पाला बोटभर लांबीचा कापा. आता वजन करा आणि दर किलोला २५ ग्रॅम मीठ घ्या. आवडीप्रमाणे ठेचलेला लसूण, चार-पाच सुक्या मिरच्या, आल्याचे काप घाला. त्यांचंही वजन पाल्यातच धरा.

परातीत घेऊन दोन्ही हातांनी रगडा. कणीक मळतो तसा जोर लावा. पाच-सात मिनिटांत पाला निम्मा होतो आणि मूठ दाबली की हिरवं पाणी गळू लागतं. ते पाणी टाकायचं नाही, तोच खार आहे. बरणीत पाला दाबून भरा, वरून ते पाणी ओता. पाला पाण्याखाली पूर्ण बुडला पाहिजे आणि बरणीच्या तोंडाशी तीन बोटं जागा राहिली पाहिजे. पाणी कमी पडलं तर एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम या हिशेबानं मीठ घालून उकळून पूर्ण गार केलेलं पाणी घाला. नळाचं पाणी उकळल्यानं त्यातलं क्लोरीनही जातं.

वर कोबीचं एक अख्खं पान झाकणासारखं बसवा आणि त्यावर वजन ठेवा. उकळून स्वच्छ केलेला गुळगुळीत दगड किंवा पाण्यानं भरलेली छोटी काचेची बाटली चालते. ज्याला हवा लागते ते सडतं, जे पाण्याखाली राहतं ते आंबतं, या पद्धतीचा सगळा भार याच गोष्टीवर आहे. तोंडाला स्वच्छ कापडाचा दादरा बांधा किंवा झाकण सैल ठेवा, कारण आत वायू होतो. घट्ट बंद केलेली काचेची बरणी फुटू शकते. खाली ताटली ठेवा, पहिल्या आठवड्यात पाणी उतू जातं.

बरणी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, गॅसच्या शेगडीजवळ नको. निफाडकडे पारा फार खाली उतरतो तशी कडाक्याची लाट आली तर आंबणं मंदावेल. घाबरू नका, चार दिवस जास्त लागतील. दोन-तीन दिवसांत बुडबुडे येतात, पाण्याला आंबूस वास सुटतो आणि पाल्याचा चकचकीत हिरवा रंग जाऊन मेंदीसारखा होतो. हा रंगबदल बिघाड नाही. आम्लामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं, म्हणून तो होतो.

आठ दिवसांत चव चांगली आंबट लागेल आणि खायचा मोह होईल. तरी थांबा. पालेभाज्यांत मुळातच नायट्रेट असतं आणि आंबण्याच्या पहिल्या दिवसांत त्याचं नायट्राइट बनून त्याचं प्रमाण वाढतं. आंबटपणा पक्का झाला की ते पुन्हा उतरतं. म्हणून बरणीला तीन आठवडे पूर्ण द्या आणि त्यानंतरही लहान बाळांना हा पाला देऊ नका. आम्लता (पीएच) मोजायच्या कागदी पट्ट्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. चारच्या खाली आकडा आला म्हणजे काम झालं. मग झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा, पाला तेव्हाही खाराखालीच राहील असं बघा. फेब्रुवारी संपता संपता ही बरणी फ्रीजमध्ये गेलीच पाहिजे, बाहेरच्या उन्हाळ्यात ती मऊ आणि अतिआंबट होत जाते.

खायची साधी रीत : पाला पिळून घ्या, तेलात मोहरी, भरपूर लसूण आणि लाल मिरचीची फोडणी, त्यात पाला परतून शेवटी शेंगदाण्याचं कूट. मीठ घालायचं नाही. गरम बाजरीच्या भाकरीबरोबर पावसाळ्यात ही भाजी वाढा. उरलेला आंबट खार आमटीत चिंचेऐवजी वापरता येतो.

बिघडलं की नाही, कसं ओळखायचं

पाण्यावर पातळ, सपाट, पांढरी साय आली असेल तर ती बहुधा हवेतल्या यीस्टची असते. चमच्यानं काढून टाका, वजन नीट बसवा, वास बघा. तंतूंसारखी, केसाळ बुरशी आली असेल, रंग काळा, हिरवा किंवा गुलाबी असेल, पाला चिकट-तारदार झाला असेल किंवा वास आंबट न येता कुजका येत असेल, तर सगळी बरणी टाकून द्या. वरचा थर काढून खालचा वापरू नका, बुरशीची मुळं खोलवर जातात. आणि शंका असली तर चव घेऊन खात्री करायला जाऊ नका.

लोणच्यावर ओततो तसं तेल या दोन्ही बरण्यांवर ओतू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि नीट आंबट न झालेल्या, कमी मिठाच्या पाल्यात बोट्युलिझमचं विष तयार करणाऱ्या जिवाणूंना नेमकी तशीच जागा हवी असते. त्या विषाला वास नसतो, चव नसते. नुसती कोथिंबीर किंवा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवणं हाही तोच धोका आहे. आंबवलेल्या बरणीला आम्ल वाचवतं, खाऱ्या बरणीला मीठ वाचवतं. तेल कुणालाच वाचवत नाही.

पहिल्या वर्षी एक खारी बरणी कोथिंबिरीची आणि एक आंबट बरणी मुळ्याच्या पाल्याची, एवढंच करा. बरणीवर चिकटपट्टी लावून पाल्याचं वजन, मिठाचं वजन आणि भरल्याची तारीख लिहा. पुढच्या डिसेंबरात मीठ किती आणि पाला किती हे ठरवायला तीच नोंद उपयोगी पडेल.